डोळा कुठे होता

पहिल्या वर्षी सरांनी टेबलावर मांडलेलं
पितळी घागर, निळी चादर, दोन वांगी, फुटका कप.
माझ्या घागरीचं तोंड तासाभरात आडवं झोपलं,
हवं तेवढंच चपटं.
शेजारी सन्मती मगदूम
कागदाला भोक पडेस्तोवर खोडरबर घासत होती.
"तहसीन, तुझी घागर रिकामी आहे की भरलेली?"
मी म्हटलं, घागर आहे.
"तेच विचारतेय," म्हणाली.

माझा हात मिरजेचा,
अब्बांच्या कारखान्यात भोपळ्यावर पानं कोरून वळलेला.
अब्बा जवारी घासायचे; केसभर जास्त गेलं की घोडी वाया.
हात आधी, बाकीचं नंतर, म्हणायचे.
मग तारेखाली सुताचा दोरा
इकडे सरकव, तिकडे सरकव,
आणि एका जागी तंबोरा एकदम बोलायचा.
त्या दोऱ्याला आमच्यात जीव म्हणतात.
हे सन्मतीला सांगितलं ती चूकच झाली.
सबंध टर्म विचारत राहिली,
"ए, जीव कुठं ठेवलास आज?"

तरी डबा एकच होता.
तिचं पर्स्पेक्टिव्ह मी पुरं करायचे,
माझ्या चित्रांना ती नावं द्यायची
आणि मार्क नावांना पडायचे.
कोण कुणाचं किती लागतं
याचा हिशोब ठेवत नाही, असं दोघी म्हणायचो.
दोघींना तो पाठ होता.

पुरानंतरच्या डिसेंबरात, घाटावर,
मध्ये भडंगाची पुडी.
म्हणाली, सांगलवाडीत आमच्या भिंतीवर
पाण्याची रेघ आहे अजून. आई पुसू देत नाही.
चित्र असं काढायचं बघ,
रेघेच्या वर सगळं: कौलं, टाक्या, अँटेना,
कठड्यावर टाकलेल्या गोधड्या.
रेघेखाली काहीच नाही. कोरा कागद.
मग भडंगातला लसूण वेचून खात बसली.

तिनं चार कागद घालवले.
कौलं भज्यांसारखी यायची.
माझ्या सात रात्री गेल्या, बारीक निबाचं पेन,
एक कौल हललं नाही.
वार्षिक प्रदर्शनात पहिलं बक्षीस,
कोपऱ्यात माझं नाव,
माझ्याच वळणदार अक्षरात.

भांडेल, असं वाटलेलं.
उत्तरं तयार होती: कल्पना काय, हवेत असतात;
तुला जमलं असतं का; मैत्रीत कसलं तुझं-माझं.
ती चित्रासमोर उभी राहिली, एक डोळा मिटला,
हात ताठ केला, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घेतली,
जशी सरांची नक्कल करून
तीन वर्षं वर्गाला हसवायची.
पण हसली नाही.
"क्षितिजरेषा चुकलीय."
शक्यच नाही, मी म्हटलं.
"कौलं वरून दिसतायत तुझी.
म्हणजे बघणारी पुलावर उभी आहे.
आम्ही माळ्यावर होतो गं.
पाणी डोळ्यांना लागलेलं."

आयर्विन पुलावर मी होते त्या ऑगस्टात,
चुलतभावाच्या गाडीवर मागे बसून
पाणी बघायला आलेली.
हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

ते चित्र कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून.
शाई खोडता येत नाही.
मला पोहताही येत नाही.

आता तासगावला शाळेत ड्रॉइंग शिकवते.
ती वडिलांच्या हळदीच्या पेढीवर बसते म्हणे,
पावत्यांच्या पाठीवर काहीबाही काढते.
परवा रात्री फोटो आला, बारा वर्षांनी.
तिच्या लेकीनं काढलेली घागर.
तोंड पूर्ण गोल, आडात डोकावल्यासारखं,
बूड सपाट, जमिनीवर पोटावर पडून बघितल्यासारखं,
आणि पोटाच्या आरपार दिसणारं
निळ्या स्केचपेनचं पाणी, काठोकाठ.
खाली एवढंच:
"मॅडम, चुकलंय का?"

'हो' लिहिलं. पुसलं.
'तिचा डोळा' एवढं लिहिलं, तेही पुसलं.
तिकडे तिला दिसत असेल,
मी अजून लिहितेच आहे.